मॅक्रो, मेगा, जायंट: रिपोर्टातल्या मोठ्या पेशींना किती घाबरायचं?

‘डॉक्टर, नमस्कार. बाबांचं वय 64. काही महिने दम लागतोय म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.4, एमसीव्ही 116 आणि खाली शेऱ्यात मॅक्रोसाइट्स, मॅक्रोओव्हॅलोसाइट्स, हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिल्स असं लिहिलंय. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली. तोवर मी एकेक शब्द शोधत बसले आणि झोप उडाली. मोठ्या पेशी म्हणून शोधलं की जायंट सेल, लार्ज सेल लिम्फोमा, मेगॅलोब्लास्ट, सायटोमेगॅलो, मॅक्रोफेज असं काय काय समोर येतं. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या मानेतल्या गाठीच्या रिपोर्टातही जायंट सेल्स होत्या आणि तिला टीबी निघाला. बाबांनाही तेच असेल का? की कॅन्सर? या सगळ्या शब्दांचा अर्थ एकच असेल, तर इतके वेगवेगळे शब्द कशाला? बाबा मात्र निवांत आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, ॲसिडिटीची गोळी रोजचीच. तळपायांना मुंग्या येतात, पण ते शुगरमुळे आहे म्हणतात. रक्त वाढावं म्हणून ओळखीच्या एकांनी सुचवलेली फॉलिक ॲसिडची गोळी आठवड्यापासून सुरू केली आहे. – रिपोर्ट वाचून घाबरलेली मुलगी’

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळी तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. लिम्फोमा आणि टीबीवर अर्धं पत्र खर्च केलंत. मुंग्या, मेटफॉर्मिन आणि फॉलिक ॲसिड मात्र चार वाक्यांत उरकलंत. माझं लक्ष तिथेच अडकलं. म्हणून शब्दांकडे नंतर वळू, आधी हे करा: आजच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा. एमसीव्ही 116 आहे, पायांना मुंग्या आहेत आणि फॉलिक ॲसिड स्वतःहून सुरू केलंय, एवढं सांगा. बी12 ची पातळी लगेच तपासायची का, ते विचारा. बहुतेक हो म्हणतील. ते सांगेपर्यंत फॉलिक ॲसिडची गोळी बाजूला ठेवा. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने थांबवू नका. एका चुकीवर दुसरी चूक नको.

एवढी घाई का? बी12 आणि फॉलिक ॲसिड ही दोन्ही जीवनसत्त्वं कमी पडली की रक्तात दिसणारं चित्र अगदी सारखं असतं. मायक्रोस्कोपखाली मला ती दोन वेगळी ओळखता येत नाहीत, कुणालाच येत नाहीत. मात्र बी12 कमी असताना मज्जातंतूंवरही आघात होतो. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वर येतं, घरचे खूश होतात. आणि इकडे मज्जारज्जूचं नुकसान गुपचूप चालूच राहतं. उशीर झाला तर त्यातलं काही कायमचं राहतं. तुमच्या बाबांच्या मुंग्या शुगरच्या असतीलही. मधुमेहात त्या येतातच. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 चं शोषण कमी होतं, हे पक्कं ठाऊक आहे. ॲसिड दाबणाऱ्या गोळ्यांनीही होतं, कारण अन्नातल्या प्रथिनांपासून बी12 सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं. बाबा दोन्ही घेतात. अंधारात चालताना तोल जातो का, डोळे मिटून तोंड धुताना भिंत धरावी लागते का, हे त्यांना विचारून ठेवा. आणि जीभ बघा. ती गुळगुळीत, लालभडक आणि तिखट लागल्यावर चुरचुरणारी असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

आता तुमचे शब्द.

मी तीसेक वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, ‘मोठी पेशी’ हा आजार नाही, ते एक वर्णन आहे. रस्त्यात ‘उंच माणूस’ दिसला म्हणून तो चोर की पोलीस हे कळत नाही, तसंच हे. कोणती पेशी, कुठली, आणि मोठी झाली ती कशाने, या तिन्हींची उत्तरं मिळाली की मग शब्दाला अर्थ येतो. रिपोर्ट वाचणारे लोक विशेषण पकडतात आणि नाम सोडून देतात. तुम्हीही तेच केलंत. त्यात तुमचा दोष नाही. आमच्या धंद्याने नावं ठेवतानाच घोळ घातलाय.

बघा ना. मॅक्रो आणि मेगा दोन्ही ग्रीक. मेगास म्हणजे मोठा, मॅक्रोस म्हणजे खरं तर लांब. पण वैद्यकात दोन्ही ‘मोठा’ याच अर्थी रुळले. मॅक्रोसाइट म्हणजे नेहमीपेक्षा मोठी तांबडी पेशी, आणि तिचं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. पण मॅक्रोफेज? ती मुळातच तशी. जंतू आणि कचरा गिळणारी ही पेशी प्रत्येकाच्या शरीरात आहे, आणि ती नसती तर आपण जगलो नसतो. तिला आणि तिच्या भाईबंदांना ओळखणाऱ्या मेच्निकॉफ यांना 1908 साली नोबेल मिळालं. मेगाकॅरिओसाइट ही तर आणखी मजेशीर. बोन मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीतला, रक्त बनवणारा मगज. त्यातली ही सगळ्यात मोठी पेशी, 50 ते 100 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी जेमतेम 7–8 मायक्रॉनची असते. नावाचा अर्थ ‘मोठ्या केंद्रकाची पेशी’. एकेकीच्या अंगातून हजारो प्लेटलेट सुटतात. उमेदवारीच्या काळात पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी वरिष्ठांना हाका मारल्या होत्या, मला वाटलं कॅन्सर सापडला. ते हसले नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. म्हणून रिपोर्टात ‘मेगाकॅरिओसाइट्स पुरेशा संख्येने’ असं वाचलंत, तर ती चांगली बातमी आहे.

तुमच्या बाबांच्या रिपोर्टाकडे येऊ. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते मोजतात फेम्टोलिटरमध्ये. एका लिटरचे दहा कोटी कोटी भाग केले तर त्यातला एक. मोठ्या माणसांत साधारण 80 ते 100 हे ठीक. त्याच्या वर गेलं की मॅक्रोसायटोसिस. नवजात बाळाचं मुळातच याहून जास्त असतं, त्यामुळे बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा नसतो. आणि हा आकडा सरासरी आहे, हे विसरू नका. एखाद्याला लोहही कमी असेल आणि बी12 ही, तर निम्म्या पेशी लहान, निम्म्या मोठ्या, आणि सरासरी अगदी छान! म्हणूनच यंत्राच्या आकड्यानंतरही कुणीतरी स्लाइड डोळ्यांनी पाहावी लागते. बाबांच्या बाबतीत ती कुणीतरी नीट पाहिली आहे. ‘मॅक्रोओव्हॅलोसाइट’ म्हणजे मोठी आणि अंडाकृती तांबडी पेशी. ‘हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिल’ म्हणजे जिच्या केंद्रकाचे नेहमीपेक्षा जास्त तुकडे पडलेत अशी पांढरी पेशी. एरवी तीन-चार कप्पे असतात. सहा कप्प्यांची एक जरी दिसली तरी आम्ही सावध होतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बोट बहुधा एकाच दिशेला जातं, ते म्हणजे मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया.

मेगॅलोब्लास्ट हा शब्द रिपोर्टात नाही, तुम्हाला तो शोधताना सापडला. तो असायचाही नाही, कारण ही पेशी सहसा बोन मॅरोमध्ये राहते. ती तांबड्या पेशीची आई, असं समजा. पॉल एर्लिख यांनी 1880 साली तिला वेगळं ओळखलं. बिघाड असा होतो: पेशीने दोन व्हायचं तर आधी केंद्रकातल्या डीएनएची प्रत काढावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड आणि बी12 लागतं. ते नसलं की प्रत रखडते, केंद्रक पोरकटच राहतं. पण पेशीचं बाकीचं अंग मात्र वाढत राहतं, हिमोग्लोबिन भरत राहतं. विभागणीची वेळ टळते, पेशी फुगत जाते. यातल्या बऱ्याच पेशी बाहेर पडण्याआधीच मॅरोमध्ये मरतात. ज्या सुटतात त्या मोठ्या, अंडाकृती आणि संख्येने कमी. पेशी आकाराने वाढल्या आणि रक्त कमी झालं, हे उलटं गणित त्यामुळे. हा रखडा फक्त रक्तात नसतो. जिथे जिथे पेशी भराभर बदलतात तिथे तो दिसतो: जिभेवर, गालाच्या आतल्या अस्तरात, गर्भाशयमुखाच्या पेशींतही. मॅरोचं चित्र तर इतकं भडक दिसतं की बी12 ठाऊक नसताना पाहणाऱ्याला ते रक्ताच्या कॅन्सरसारखं वाटू शकतं. तसं वाटून घाबरलेले डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि आठवड्याभरात इंजेक्शनने सावरलेले रुग्णही.

एकेकाळी हा आजार जीवघेणाच होता, आणि ‘पर्निशियस’ म्हणजे घातक हे नाव त्यालाच चिकटलं. टॉमस ॲडिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो वर्णन केला, पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. 1926 साली मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून मरणाच्या दारातून परत आणलं. यकृताची कल्पना त्यांना व्हिपल यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून सुचली. गंमत अशी की रक्त काढून काढून अशक्त केलेल्या त्या कुत्र्यांना यकृतातल्या लोहाने बरं वाटत होतं आणि माणसांना बी12 ने! चुकीच्या वाटेने गेले पण मुक्कामी पोहोचले. तिघांना मिळून 1934 चं नोबेल मिळालं. कॅसल नावाच्या डॉक्टरांनी तर स्वतः मांस खायचं, तासाभराने ते पोटातून बाहेर काढायचं आणि रुग्णाला द्यायचं, असा प्रयोग केला. किळस येईल, पण त्यातूनच कळलं की जठर एक पदार्थ सोडतं आणि त्याच्याशिवाय बी12 आतड्यात शोषलं जात नाही. शरीर स्वतःच त्या पदार्थावर उलटलं की होतो तो खरा पर्निशियस ॲनिमिया.

फॉलिक ॲसिडची कथा मुंबईतली आहे. ल्युसी विल्स 1928 मध्ये तिथे आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना असाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया होत होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. शुद्ध केलेल्या यकृताच्या औषधाने मात्र होत नव्हता. म्हणजे चित्र एकच आणि कारणं दोन. पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळ्या केलेल्या द्रव्याला लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून फॉलिक ॲसिड नाव मिळालं. बी12 शुद्ध स्वरूपात हाती यायला 1948 उजाडलं. एवढा इतिहास सांगण्याचं कारण, तुमच्या ओळखीच्यांनी सुचवलेली गोळी. ‘रक्त वाढवायची गोळी’ अशी एकच गोळी नसते, हे ल्युसी विल्स यांनी तेव्हाच दाखवून ठेवलं होतं.

मोठ्या तांबड्या पेशी जीवनसत्त्वांखेरीजही होतात. दारू हे त्यातलं फार मोठं कारण. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही दारूने एमसीव्ही चढतो, आणि सोडल्यावर उतरायला काही महिने लागतात. (हा प्रश्न डॉक्टर विचारतील. बाबांना खरं सांगू द्या, शक्य तर तुम्ही खोलीबाहेर थांबा.) थायरॉइड मंदावणं, यकृताचे आजार, मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं, हीही कारणं. रक्तस्राव होऊन गेल्यावर नव्या कोवळ्या पेशी बाजारात येतात, त्याही आकाराने मोठ्या असतात. उतारवयात मॅरोचा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम नावाचा आजार असू शकतो; बी12, फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच), थायरॉइड सगळं ठीक निघालं आणि एमसीव्ही तरी वरच राहिला, तर त्याचा विचार करतात. पहिल्या रिपोर्टावर नाही. शिवाय रक्त नळीत फार वेळ पडून राहिलं तरी पेशी पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र चुकीचा मोठा आकडा देतं. पण त्याने सहा कप्प्यांच्या न्यूट्रोफिल्स तयार होत नाहीत, त्यामुळे बाबांच्या रिपोर्टाला ही सबब लागू नाही.

मावशीच्या ‘जायंट सेल्स’चं घराणंच वेगळं. रक्ताशी त्यांचा संबंध नाही. त्या गाठीच्या तुकड्यात होत्या. एकट्या मॅक्रोफेजला जे गिळता येत नाही ते समोर आलं, की अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एकच अजस्र पेशी होते, तिच्यात डझनावारी केंद्रकं. टीबीचा जंतू मेणचट कवचाचा, पचायला भलताच चिवट, म्हणून टीबीच्या गाठीत अशा पेशी दिसतात. केंद्रकं कडेकडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली असली की ती लँगहान्सची पेशी. थिओडोर लँगहान्स यांनी तिचं वर्णन 1868 साली केलं. आणि त्याच वर्षी पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने त्वचेतली एक वेगळीच पेशी शोधली, तिला लँगरहान्सची पेशी म्हणतात. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी बेटं याच लँगरहान्सची, पुढच्या वर्षीची. एका ‘र’चा फरक. परीक्षेत शेकडो मुलं त्यात आपटतात, आणि टायपिस्टही. रिपोर्टात हा शब्द दिसला की मागचं-पुढचं वाक्य वाचावं, म्हणजे कोणता साहेब आहे ते कळतं. जायंट सेल टीबीतच दिसते असंही नाही. ऑपरेशनच्या टाक्याच्या धाग्याभोवती, रुतलेल्या काट्याभोवतीही ती होते. मावशीचा टीबी त्या पेशींवर ठरला नाही. गाठीतली इतर लक्षणं, जंतूची तपासणी हे सगळं जमेला धरून ठरला. बाबांच्या रक्तातल्या मॅक्रोसाइट्सशी त्याचं नातं फक्त ‘मोठं’ या शब्दापुरतं.

जायंट हा शब्द असलेला एक आजार मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानेच सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, आणि कधी अचानक अंधूक किंवा दोन-दोन दिसणं: हा जायंट सेल आर्टरायटिस असू शकतो. डोक्याच्या रोहिणीला सूज येते आणि डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाऊ शकते. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणून डॉक्टर संशयावरच स्टेरॉइड सुरू करतात, तुकड्याच्या रिपोर्टाची वाट बघत नाहीत. आणि नावात जायंट सेल असली तरी त्या तुकड्यात ती दरवेळी सापडतेच असं नाही! बाबांना असं काही होत असेल तर दहा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. होत नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

हाडातल्या जायंट सेल ट्यूमरची आणखी वेगळी तऱ्हा. साधारण विशी ते चाळिशीत, बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपास होणारी ही गाठ. स्लाइडवर सगळीकडे अवाढव्य पेशी पसरलेल्या असतात आणि नजर तिथेच जाते. पण त्या नुसत्या गोळा झालेल्या बघ्या म्हणाव्यात. खरी गाठीची पेशी त्यांच्यामध्ये दडलेली लहान, एकाच केंद्रकाची, आणि तीच बाकीच्यांना बोलावून आणते. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण हाड पोखरते आणि काढल्यावर पुन्हा उगवू शकते.

आता तुमची झोप उडवणारा शब्द, लार्ज सेल. कॅन्सरच्या नावात तो येतो हे खरं. लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींतल्या पेशींचा कॅन्सर. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा मोठ्यांमधला सगळ्यात जास्त आढळणारा नॉन-हॉजकिन लिम्फोमा. तो वेगाने वाढतो, पण उपचारांनी निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये लार्ज सेल असा एक प्रकार आहे, आणि स्मॉल सेल असाही. यातला जास्त झपाट्याने पसरणारा कोणता? लहान पेशींचा. ‘स्मॉल आहे ना, मग बरं’ असं म्हणून हुश्श करणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यांना खरं सांगताना जीभ जड होते. हॉजकिन लिम्फोमात दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी मोठी पेशी सापडते; 1898 मध्ये स्टर्नबर्ग आणि 1902 मध्ये डोरोथी रीड यांनी ती नीट वर्णन केली, म्हणून रीड-स्टर्नबर्ग पेशी. गाठीतल्या शंभर पेशींत ती जेमतेम एखादी असते, बाकीच्या साध्याच. तरी सगळ्या गाठीची ओळख तिच्यावरून ठरते. हे सगळे शब्द गाठीचा किंवा अवयवाचा तुकडा पाहून लिहिले जातात. बाबांचा कुठलाही तुकडा काढलेला नाही, गाठ असल्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही. मग हे शब्द तुमच्या घरात आलेच कसे? तुम्ही शोधत गेलात म्हणून.

सायटोमेगॅलो हे एका विषाणूचं नाव. तो ज्या पेशीत शिरतो ती फुगते आणि तिच्या केंद्रकात घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसतो. (आमच्या लोकांना घुबड फार आवडतं, काय करणार.) बहुतेक निरोगी माणसांना तो होऊन गेलेला कळतही नाही. गर्भातलं बाळ आणि अवयव बदललेले रुग्ण यांच्यासाठी मात्र तो गंभीर. आणि शोधताना तुम्हाला हिपॅटोमेगॅली, स्प्लिनोमेगॅलीही दिसलं असेल. तिथे अख्खं यकृत, अख्खी प्लीहा वाढलेली असते, पेशी मोठी असेलच असं नाही. अवयव वाढतो तो कधी पेशी मोठ्या झाल्याने, त्याला हायपरट्रॉफी म्हणतात. कधी पेशींची संख्या वाढल्याने, तो हायपरप्लेसिया. व्यायामाने दंड फुगतो ती पहिली गोष्ट.

आता बाबांचं पुढे काय, ते सांगतो. डॉक्टर बहुधा बी12, फॉलेट, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या आणि रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी, सांगतील. बी12 चा आकडा काठावर आला तर मिथिलमॅलोनिक ॲसिडची (बी12 कमी पडलं की रक्तात साचणाऱ्या द्रव्याची) तपासणी मदतीला घेतात. रक्ताचा नमुना इंजेक्शनआधी जाऊ द्या, नाहीतर नंतर मोजलेल्या बी12 ला अर्थ उरत नाही. मात्र मुंग्या असल्यामुळे नमुना दिल्यावर रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं, तर गडबडू नका. ते बरोबरच आहे. कमतरता निघाली तर ती का झाली हे विचारा. औषधांमुळे असेल तर उपाय एक, पर्निशियस ॲनिमिया असेल तर उपचार जन्मभराचा. निव्वळ वनस्पतीजन्य आहार असेल, दूध-अंडीसुद्धा नसतील, तर बी12 वेगळं घ्यावंच लागतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून कमतरता सावकाश, कुणाच्या लक्षात न येता येते. फॉलेटचा साठा मात्र काही महिन्यांतच संपतो.

इंजेक्शननंतर तीन-चार दिवसांत नव्या पेशी दिसू लागतात, आठवड्याभरात त्यांची लाट येते. हिमोग्लोबिन महिना-दोन महिन्यांत जागेवर येतं. एमसीव्हीही साधारण तेवढ्याच काळात, पण हळूहळू उतरतो, कारण जुन्या मोठ्या पेशी एकेक करून जायच्या असतात. तेव्हा पंधरा दिवसांनी आकडा अजून 108 दिसला म्हणून मला दुसरं पत्र लिहू नका. मुंग्या उतरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. सुरुवातीला त्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. किती उतरतील हे आधी किती दिवस होत्या त्यावर ठरतं. म्हणूनच बाबांना विचारा, नेमक्या कधीपासून? ‘असंच, बरेच दिवस’ हे उत्तर चालणार नाही. सण, लग्न, प्रवास, काहीतरी खूण धरून महिना काढा आणि कागदावर लिहा. त्याच कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं आणि त्या किती वर्षं चालू आहेत ते. फॉलिक ॲसिडची ती आठवड्याची गोळीसुद्धा. फोन मात्र आजच.